बारीक अंगाच्या माणसाचे कोलेस्टेरॉल इतके कसे?

पत्र थोडक्यात असे: लिहिणाऱ्या वाचक भगिनी ३४ वर्षांच्या असून दक्षिण महाराष्ट्रातील एका गावात प्राथमिक शिक्षिका आहेत. शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीत त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल ३२०, एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) २४४, एचडीएल (‘चांगले’ म्हणतात ते) ४६ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० निघाले. वजन ५१ किलो, घर शाकाहारी, रोजचे चालणे न चुकणारे. अहवाल पाहून त्यांनी सहा महिने तूप, शेंगदाणे, खोबरे, सणाची पुरणपोळीसुद्धा सोडली आणि रोज सकाळी कच्चा लसूण खाल्ला. वजन ४६ किलोंवर आले. एलडीएल मात्र २२६ वरच राहिले. एका डॉक्टरांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची, गोळी लगेच सुरू करायला सांगितली. नात्यातले दुसरे डॉक्टर म्हणतात की वय लहान आहे, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तेव्हा थांबावे. त्यांचे वडील ४६व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यांना ९ वर्षांचा मुलगा आहे आणि दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे. २७ वर्षांच्या धाकट्या भावाच्या लग्नाची बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत. त्या विचारतात: पथ्यात माझे कुठे चुकते? एकदा लागली की जन्मभर न सुटणारी गोळी घ्यावी का? आणि भावाचे लग्न पार पडेपर्यंत हा विषय घरात काढू नये, हे आईचे म्हणणे ऐकावे का?

ताई,

तुमच्या पत्रात ‘माझे कुठे चुकते?’ हा प्रश्न तीन ठिकाणी आला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. माझ्या मते तुमचे काहीही चुकलेले नाही. रक्तातले कोलेस्टेरॉल म्हणजे खाल्लेल्या तुपातेलाचा हिशेब, हे गृहीतक तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे आणि ते तुमच्या बाबतीत लागू पडत नाही. ते का, हे समजून घेण्यासाठी चरबी रक्तातून कशी जाते हे थोडे सविस्तर पाहावे लागेल. एवढे कळले की गोळीचा आणि भावाचा प्रश्नही पुष्कळ सोपा होतो.

चरबी पाण्यात विरघळत नाही आणि रक्ताचा द्रव भाग तर बहुतांशी पाणीच असतो. त्यामुळे शरीर चरबीचे अतिसूक्ष्म गोळे करते आणि त्यांच्याभोवती प्रथिनांचे व पाण्याशी जुळवून घेणाऱ्या मेदरेणूंचे वेष्टन घालते. दुधातले लोणी घुसळेपर्यंत वर येत नाही, कारण तेही असेच वेष्टनातल्या बारीक थेंबांच्या रूपात विखुरलेले असते. रक्तातल्या या कणांना लायपोप्रोटीन म्हणतात. जेवणातली चरबी आतड्यांतून कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांत भरून रक्तात येते आणि काही तासांत तिचा निचरा होतो. रक्ततपासणी उपाशीपोटी करण्याची पद्धत त्यातूनच आली. यकृत स्वतः तयार केलेली चरबी आणि कोलेस्टेरॉल व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून पाठवते. केशवाहिन्यांच्या भिंतींवरचे एक विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) या कणांतील ट्रायग्लिसराइडचे विघटन करते आणि स्नायू व मेदपेशी त्यातून मिळणारी मेदाम्ले घेतात. कण लहान होत जातो आणि शेवटी जो उरतो तो कोलेस्टेरॉलने भरलेला एलडीएलचा कण. तो रक्तातून उचलून घेण्याचे मुख्य काम पुन्हा यकृताकडेच असते.

खरी मेख या उचलण्यात आहे. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल धरून आत घेणारे ग्राही असतात. एक ग्राही कण घेऊन आत जातो, तो सोडतो आणि सुमारे दहा मिनिटांत पृष्ठभागावर परत येतो. त्याच्या आयुष्यात अशा शेकडो खेपा होतात. हे काम अमेरिकेत डॅलस येथे मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात उलगडून दाखवले. अतिशय जास्त कोलेस्टेरॉल असलेल्या मुलांच्या त्वचेतील पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या. शेजारच्या निरोगी पेशी एलडीएल धरून आत घेत होत्या आणि या पेशींना ते जमत नव्हते. त्या कामासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या ग्राहीचे जनुक आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे मिळते. दोहोंपैकी एकात दोष असेल तर उचलण्याची क्षमता निम्म्यावर येते, एलडीएलचा प्रत्येक कण रक्तात जवळजवळ दुप्पट काळ रेंगाळतो आणि आकडा जन्मापासूनच वाढलेला राहतो. मोरीचे तोंड अर्धे बुजलेले असताना नळ बारीक केला तर पाणी थोडे ओसरते, पण मोरी मोकळी होत नाही. तुमच्या सहा महिन्यांच्या कडक पथ्याने २४४ चे २२६ झाले, म्हणजे साधारण सात टक्के घट झाली. एरवीही चांगल्या आहाराने एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरले तरी ते यश मानतात. शिवाय शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. वनस्पतीजन्य अन्नात तर ते जवळजवळ नसतेच, त्यामुळे शेंगदाणा तेलाच्या डब्यावरचे ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हे शब्द कोणत्याही शेंगदाणा तेलाला लागू पडतात. त्या तेलाने किंवा शेंगदाण्याने तुमचे नुकसान केलेले नाही.

या जन्मजात अवस्थेला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. नॉर्वेच्या कार्ल म्युलर यांनी १९३८ च्या सुमारास हृदयविकार, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि स्नायुबंधांवरील (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवरील) गाठी एकाच घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत येतात हे दाखवून दिले. जगभरात साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला ती असते, आणि बहुतेकांना ती असल्याचे ठाऊक नसते. पत्रावरून निदान करणे योग्य नाही, पण तुम्ही वडिलांविषयी जाता जाता जे दोन तपशील लिहिले आहेत ते मला तुमच्या अहवालाइतकेच बोलके वाटले. त्यांच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांजवळ पिवळसर ठिपके होते आणि मागे पट्टा असलेली सँडल टाचेच्या वर घासते म्हणून ते जन्मभर कोल्हापुरी चपलाच वापरत, असे तुम्ही लिहिता. टाचेवरच्या जाड शिरेत (ही रक्तवाहिनी नव्हे, स्नायुबंध आहे) कोलेस्टेरॉल साठून ती फुगते आणि पट्टा तिथेच लागतो. आता स्वतःची टाच पाहा. खुर्चीत बसून पाऊल सैल सोडा आणि टाचेच्या चार बोटे वर ती शीर अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली बोटे फिरवा. निरोगी शीर दोरीसारखी, सरळ काठांची लागते. साठा असेल तर ती जाड आणि गाठाळ लागते. काही जाणवले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण गाठी नसतानाही हा विकार असू शकतो. हात-पायांच्या सांध्यांवरच्या पिवळट गाठीही डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांना आणखी एक गोष्ट सांगा. हे नाव चिकटवण्याआधी कोलेस्टेरॉल वाढवणारी इतर कारणे तपासून बाजूला काढली पाहिजेत: थायरॉइडसाठी टीएसएच, लघवीतील प्रथिने, यकृताच्या तपासण्या आणि साखर. थायरॉइड मंदावल्याने एलडीएल बरेच वाढलेले मी पाहिले आहे, आणि तिथे थायरॉइडच्या उपचारानेच ते खाली येते. ती कारणे नसतील तर एलडीएल १९० च्या वर, वडिलांचा अकाली मृत्यू आणि त्यांच्या अंगावरच्या त्या खुणा एवढ्यावर निदान जवळजवळ पक्के होते. जनुकीय तपासणी परवडली तर उपयोगी आहे, पण तिच्यासाठी उपचार अडवून ठेवू नयेत.

आता तुमच्या नातेवाईक डॉक्टरांच्या सल्ल्याविषयी. ‘वय लहान, इतर आजार नाही, म्हणून थांबू’ हा हिशेब सामान्य माणसासाठी केलेल्या जोखीम-तक्त्यांवरून येतो आणि ते तक्ते जन्मजात वाढलेल्या कोलेस्टेरॉलला लावू नयेत, हे वैद्यकशास्त्रात मान्य आहे. धमनीच्या भिंतीला आजचा आकडा जितका त्रास देतो तितकाच तो किती वर्षे होता हेही देते. साठाव्या वर्षी वाढलेले २४४ आणि पाळण्यापासून असलेले २४४ यांच्यात म्हणून मोठा फरक आहे. उपचार न घेतलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीपर्यंत आणि स्त्रियांपैकी साधारण ३० टक्क्यांना साठीपर्यंत हृदयविकार गाठतो. तुमचे वडील ४६ व्या वर्षी गेले तेव्हा ते या हिशेबातच बसत होते. त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांची गोष्ट वेगळी झाली असती, असे मला मनापासून वाटते. म्हणून या बाबतीत मी पहिल्या डॉक्टरांच्या बाजूचा आहे.

गोळीची भीती मला समजते, आणि ती केवळ फॉरवर्ड केलेल्या संदेशांमुळे आली आहे असे मी म्हणणार नाही. ३४ व्या वर्षी रोजची गोळी सुरू करणे म्हणजे स्वतःला आजारी म्हणवून घेणे आहे, असे अनेकांना वाटते. पण गोळी नेमके काय करते ते पाहा. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून पहिले स्टॅटिन शोधले आणि १९८७ मध्ये या गटातले पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉल-निर्मिती अडवते; मग यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडते आणि ते रक्तातून उचलण्यासाठी जास्त ग्राही उभे करते. तुमचे एक निरोगी जनुक शाबूत आहे आणि औषध त्याच्याकडूनच जास्त काम करून घेते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील एका मोठ्या चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन दिले गेले आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. तेव्हापासून या औषधांवर झाला तितका अभ्यास फार थोड्या औषधांच्या वाट्याला आला असेल.

त्रास अगदीच नाही असे मात्र नाही. काहींना स्नायू दुखतात, यकृताची विकरे थोड्यांमध्ये वाढतात, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांमध्ये साखर थोडी वर जाऊ शकते. म्हणून सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करावी, सहा ते आठ आठवड्यांनी कोलेस्टेरॉल पुन्हा पाहावे, आणि अंग विलक्षण दुखू लागले किंवा लघवी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. ‘गोळी सुटत नाही’ हे अर्धे खरे आहे. तिचे व्यसन लागत नाही. तुम्ही ती थांबवलीत तर आकडा पूर्वीच्या जागी परततो, कारण मोरी तशीच असते. चष्मा काढला की अक्षर पुन्हा धूसर दिसते, तसे. एलडीएल निम्म्याने तरी खाली आणणे हे पहिले उद्दिष्ट धरावे. एका औषधाने ते जमले नाही तर आतड्यातून होणारे शोषण रोखणारे एझेटिमाइब सोबत देतात, त्याने साधारण आणखी वीस टक्के घट मिळते. ग्राहींना नष्ट करणाऱ्या पीसीएसके९ या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनेही आता भारतात मिळतात, पण ती महाग आहेत आणि बहुतेकांना त्यांची गरज पडत नाही.

तुमच्या दुसऱ्या मुलाच्या विचाराचा यात फार महत्त्वाचा भाग आहे आणि तो कोणीच तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात स्टॅटिन साधारणपणे देत नाहीत. म्हणून गोळी सुरू करतानाच डॉक्टरांना सांगा की तुम्हाला कधी मूल हवे आहे, तोपर्यंत खात्रीशीर गर्भनिरोधक वापरा, आणि प्रयत्न सुरू करण्याआधी किती काळ गोळी बंद ठेवायची हे ठरवून घ्या. चुकून दिवस गेले तर घाबरून न जाता गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. गरोदरपणात कोलेस्टेरॉल एरवीही वाढते, त्यामुळे तुमच्यासारख्या बाईने त्या आधी हृदयतज्ज्ञांकडून एकदा तपासणी करून घेणे चांगले. दुसरे मूल पुढच्या वर्षीच हवे असेल तर आधी मूल आणि मग गोळी, असाही क्रम डॉक्टर सुचवू शकतात. तो निर्णय तुमचा, तुमच्या पतीचा आणि डॉक्टरांचा मिळून असू द्या.

मुलाची तपासणी मात्र थांबवू नका. तुमच्यात हा दोष असेल तर त्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी आहे. ९ वर्षांचे वय तपासणीला अगदी योग्य आहे. लिपिड प्रोफाइलसाठी (रक्तातील चरबीच्या तपासणीसाठी) पहिल्या वेळी त्याला उपाशी ठेवण्याचीही गरज नसते; ट्रायग्लिसराइड फार जास्त निघाले तरच उपाशीपोटी पुन्हा करावे लागते. कुटुंबात हा विकार असताना मुलाचे एलडीएल १६० च्या पुढे निघाले तर संशय पक्का धरतात आणि गरज पडल्यास आठ ते दहा वर्षांच्या वयापासून उपचारांचा विचार करतात. त्याच्या ताटातले तूप मात्र तपासणीआधीच काढून घेऊ नका. तो वाढीच्या वयात आहे, आणि तुम्ही सहा महिन्यांत पाच किलो गमावलेत तसे त्याच्या बाबतीत होऊ नये.

आता भावाविषयी. आईची काळजी मी हलकी समजत नाही; ‘मुलाच्या घराण्यात हृदयविकार’ हे शब्द ऐकून बोलणी मोडलेली मी पाहिली आहेत. तरीही या ठिकाणी गप्प बसण्याचा सल्ला मी देणार नाही. तुमच्या भावालाही हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तो पुरुष असल्यामुळे त्याच्या हाती तुमच्यापेक्षा कमी वर्षे आहेत. म्हणून या आठवड्यात त्याला एकट्याला गाठा, तुमचा अहवाल दाखवा आणि त्याची तपासणी करून घ्या. मुलीकडच्यांना काय सांगायचे हा त्याचा निर्णय आहे, तुमचा किंवा आईचा नाही. अहवालात दोष निघाला तर त्याने मुलीला लग्नाआधी स्वतः सांगावे असे मला वाटते, कारण उद्या त्या दोघांना मुले होतील तेव्हा त्यांची तपासणी करण्याचा निर्णय तिलाही घ्यावा लागेल. ‘माझे कोलेस्टेरॉल जन्मजात जास्त आहे, मी गोळी घेतो आणि दरवर्षी तपासतो’ हे सांगणारा मुलगा मला वर म्हणून नापसंत झाला नसता.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून आहे. विकार आईच्या माहेराकडून आला असेल तर नवरा आणि बायको दोघांतही तोच दोष असू शकतो आणि मग प्रत्येक मुलात चारपैकी एक एवढी शक्यता दोन्ही जनुके सदोष असण्याची राहते. अशा मुलांचे एलडीएल बहुधा चारशेच्याही वर जाते आणि हृदयविकार बालपणात किंवा ऐन तारुण्यात येऊ शकतो. अशा घरात लग्नाआधी दोघांचे लिपिड प्रोफाइल पाहावे. तुमच्या घरात विकार वडिलांकडून आलेला दिसतो, म्हणून तुमचे पती तुमच्या आत्याचे मुलगे नसतील तर ही शंका तुम्हाला नाही.

ज्यांच्या अहवालात ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आहे त्या वाचकांनी हे सगळे जसेच्या तसे स्वतःला लावू नये. तिथली गोष्ट वेगळी आहे. मागे एकदा प्रयोगशाळेतून मला एक नळी पाहायला बोलावले होते. रक्तपेशी तळाला बसल्या होत्या आणि वरचा द्रव पिवळसर पारदर्शक असण्याऐवजी दुधासारखा पांढराशुभ्र होता. नळी फ्रिजमध्ये ठेवल्यावर वर सायीसारखा थर आला. त्या रुग्णाचे ट्रायग्लिसराइड हजारांच्या घरात होते, आणि असे असले की स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतू शकते. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि एचडीएल कमी हे चित्र फार सामान्य आहे, आणि तिथे साखर, मैदा, दारू, पोटाचा घेर आणि बैठे काम यांचा वाटा मोठा असतो. अशा माणसाने एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोन वेळा खाऊन उपवास केला तर फायद्यापेक्षा तोटाच होतो. तिथे आहाराने पुष्कळ काही साधते आणि मधुमेह असेल तर तो आटोक्यात आणणे हाच पहिला उपचार असतो.

तुमच्या ताटाविषयी शेवटी एवढेच सांगतो. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळा, डाळी, पालेभाजी, जवसाची चटणी, ओंजळभर शेंगदाणे खा, वरणावर चमचाभर साजूक तूप घ्या आणि वजन पूर्ववत होऊ द्या. कच्चा लसूण पोटाला सोसत असेल तर घ्या, पण गोळीच्या जागी नको. याच रक्तात एकदा लायपोप्रोटीन-ए हीही तपासणी करून घ्या. ते प्रमाण बहुतांशी जन्मजात ठरते, आहाराने बदलत नाही, आणि जास्त निघाले तर डॉक्टर उपचार अधिक कडक ठेवतात.

आणि आईला एक गोष्ट नक्की सांगा. ‘मीच त्यांना तूप वाढून वाढून मारले’ हे त्यांचे वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. वडिलांच्या डोळ्यांजवळचे ठिपके आणि टाचेची जाड शीर एकदोन वर्षांच्या तुपाने होत नाही. असे साठे वर्षानुवर्षांचे असतात, आणि त्यामागे बहुधा जन्मजात दोषच असतो. त्यांचे यकृत एलडीएल पुरेसे उचलत नव्हते आणि ते आईंनी वाढलेल्या कोणत्याही पोळीवरून आलेले नव्हते. तुमचा आणि भावाचा अहवाल आला की तो आईंच्या शेजारी बसून वाचा, आणि वडिलांच्या चपलांची गोष्ट त्यांना पुन्हा सांगा.